दोन्ही डोळे लांबचे

हसायचं तर हसा, पण आधी ऐका. मी मुळात कमी बोलते. लग्न होऊन इंदूरला आले त्याला आठ महिने झाले. तेवढ्या काळात एकदाच ठामपणे बोलले आणि नेमकी तिथेच माती खाल्ली!

सासूबाईंना, म्हणजे आईंना, लांबचं दिसायचं नाही, जाडजूड चष्मा. रोज दुपारी त्या खोलीचं दार लोटून चष्मा काढून बसायच्या. तासाभराने बाहेर यायच्या तेव्हा डोळे लाल! मी मनातच निदान केलं, चष्मा टोचतोय. माझा स्वतःचा नंबर लग्नाआधी लेझरने घालवलेला. म्हणजे मी तज्ज्ञच की नाही?

आठवडाभर मागे लागून त्यांना पलासियाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मोतियाबिंद है आंटीजी, लेन्स बदल देंगे. दूर का साफ दिखेगा, पढ़ने को चश्मा लगेगा. या एक आँख पास की रख दें? कुछ बारीक पढ़ती हैं?"

आई माझ्याकडे बघत पुटपुटल्या, "नाही... तसं काही नाही."

"दोनों दूर की कर दीजिए!" हे मी. कोणी विचारलं होतं?

ऑपरेशन झकास झालं. आईंना पंख्यावरची धूळ दिसायला लागली, ओट्यापाशी न येता माझी करपलेली पोळी दिसायला लागली. तरी मी खूश!

मग एका दुपारी त्यांनी हाक मारली. मांडीवर पत्र्याचा डबा, त्यात आंतर्देशीय पत्रं. सासरे रतलामला रेल्वेत होते तेव्हाची. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अक्षर मुंगीएवढं, एका पत्रात चार पत्रांचा मजकूर! चष्मा काढला की जवळचं लख्ख दिसायचं, म्हणून पत्र नाकाला लावून आई रोज वाचायच्या. आता नव्या चष्म्याने पेपर वाचता येतो, ह्या मुंग्या नाहीत.

"तूच वाच गं."

वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला अशी लाजले, की ती गाळूनच टाकली.

"मधली ओळ खाल्लीस," आई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला पाठ आहे?"

"सगळी पाठ आहेत बेटा. मला त्यांचं अक्षर बघायचं असायचं."

बाहेर आले तर समोर नवरा.

"अरे यार, डोळे किती लाल झालेत तुझे! चल, उद्या पलासियाला दाखवून टाकू."

"नको," मी म्हटलं. "या घरात लाल डोळ्यांचं निदान एकदा झालंय. तेवढं पुरे."