हत्यारांची भिंत

आमच्याकडे हत्यारं पलंगाखाली राहायची आणि आम्ही तिघं पलंगावर. कोलकात्याच्या बेहाला भागातली भाड्याची एक खोली. भिंतीला पाठ टेकली की सदरा ओला व्हायचा. बजबजची ज्यूटगिरणी बंद पडली तेव्हा मी तिसरीत होते. माझे वडील, आप्पा, तिथे फिटर होते. इचलकरंजीच्या मागांवर हात बसलेला माणूस, कामामागे कोलकात्याला आला आणि इथलाच झाला. गिरणी गेल्यावर आठवड्यातले चार दिवस भात आणि उकडलेला बटाटा. आई तो मोहरीच्या तेलात कुस्करायची आणि म्हणायची, "आज बंगाली जेवण हं." जणू रोज पुरणपोळीच असायची!

गिरणीतले सोबती एकेक करून गावी निघाले. जाताना आपली हत्यारं आप्पांकडे ठेवून गेले. कुणाची कानस, कुणाचे पाने, कुणाची मुठीवर अक्षर कोरलेली छिन्नी. "वसंतदा, सांभाळून ठेवा. गिरणी उघडली की येतो." गिरणी उघडली नाही. पण आप्पांनी शब्द दिला होता. परक्या माणसाची रोजीरोटी आपल्या घरात गंजता कामा नये, एवढीच त्यांना आयुष्यभराची काळजी होती. आणि ठेवायला होतं काय, तर ज्यूटचं पोतं. ज्यूट पाणी पितं हे ज्यूटगिरणीतल्या माणसाला काय ठाऊक नव्हतं? पण घरात दुसरं काहीच नव्हतं. दुपारी मी पलंगावर अर्धवट झोपेत असायचे, रस्त्यावरून ट्रक गेला की खालची हत्यारं किणकिणायची. मला वाटायचं, ती एकमेकांशी बोलताहेत... आपापल्या गावच्या गोष्टी सांगताहेत.

आप्पा गेले त्याला आता सहा आठवडे होतील. मी ऑफिसात होते. आईचा फोन आला, "लवकर ये," एवढंच. आप्पा दुपारच्या झोपेतून उठलेच नव्हते. उशाशी हत्यारं पुसायचं तेलाचं फडकं होतं, नीट घडी घातलेलं.

आमच्या घरी हत्यारांची पूजा वर्षातून दोनदा. भाद्रपदात विश्वकर्म्याची, तेव्हा बेहालाचं आकाश पतंगांनी भरून जातं. मग नवरात्रात आपली खंडेनवमी. "दोन्हीकडचे देव राजी हवेत," आप्पा म्हणायचे. हत्यारं धुवायची, ओलं हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. इचलकरंजीत चालायचं ते. इथल्या दमट हवेत, जिथे कुंकू तिथे बरोबर तेवढाच गोल गंज! एका वर्षी आप्पांनी अक्षर कोरलेली ती छिन्नी उजेडात धरली आणि म्हणाले, "देवानं आपलंच कुंकू आपल्याला परत लावलं बघ." तेव्हापासून आमच्याकडे हत्यारांचं कुंकू पाण्यात नाही, तेलात कालवतात.

पण गंज काही थांबेना, आणि हत्यारं तर वाढत होती. बंद पडलेल्या कारखान्यांच्या भंगारातून आप्पा काहीबाही उचलून आणायचे. "हे कुणाचं?" आई विचारायची. "कुणाचं तरी," ते म्हणायचे. भिंतीवर टांगावीत म्हणून त्यांनी एकदा खिळा उचलला, तर घरमालकीण माशीमा दारातच उभ्या. "वसंतबाबू, भाडं खोलीचं देता, भिंतीचं नाही." आप्पांनी खिळा खिशात टाकला.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण आप्पा ते रिक्षावाल्यालाही सांगायचे. नोकरी लागली तेव्हा मी पहिल्या पगारातून खणांचं लोखंडी कपाट आणलं, कुलूप-किल्लीसकट. "चार ठिकाणी चौकशी करून आणलंय, आप्पा. आता पोत्याची कटकट नाही." त्यांनी कपाटावरून हात फिरवला. "ऐटबाज आहे," म्हणाले. पावसाळा संपल्यावर मी खण उघडला, तर आत गोधड्या! दुसऱ्यात आईचे स्वेटर. हत्यारं पुन्हा पलंगाखाली, पोत्यात. मला इतका राग आला... "माझी वस्तू नको होती तर सांगायचं होतं!" आप्पा ओशाळले. "तसं नाही गं. बंद कपाटाला आतून घाम फुटतो. आणि हत्यार डोळ्यांसमोर पाहिजे, पोतं निदान रोज पायाला तरी लागतं. दिसलं नाही की माणूस विसरतो, आणि विसरलं की ते गंजतं." एवढे चार महिने ते मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले होते. बी.कॉम.ला हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बेहालातच आम्ही दोन खोल्या घेतल्या, स्वतःच्या. सामान आत यायच्या आधी आप्पांनी खिशातून खिळा काढला आणि भिंतीत ठोकला. तोच जुना की दुसरा, मी विचारलं नाही. मग दोघांनी मिळून प्लायवूडची मोठी फळी बसवली, मागे लाकडी पट्ट्या, म्हणजे भिंतीची ओल लागू नये आणि वारा खेळावा. जड हत्यारं खाली, रोजची हाताशी. एकेक हत्यार फळीवर धरायचं आणि त्याच्याभोवती मी पेन्सिल फिरवायची. खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्या रेघा पाण्याखाली असल्यासारख्या हलायच्या. उजवीकडची वरची जागा त्यांनी कोरीच ठेवली.

"इथे काय लावायचं?"

"जे अजून आलं नाही ते."

परवा खंडेनवमी झाली. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून पूजा केली नाही. मी नुसतं आप्पांचं फडकं घेऊन सगळ्यांवरून तेल फिरवत होते. तेवढ्यात गावाहून कार्तिककाका भेटायला आले. गिरणीतले आप्पांचे जोडीदार, आप्पा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. चहा तसाच ठेवून ते फळीसमोर उभे राहिले. मग हात सरळ एका छिन्नीकडे गेला. मुठीवर 'का' कोरलेला.

"ही अजून आहे?"

"तुमचीच आहे काका. घेऊन जा."

त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं. नुसतं तेल. छिन्नी पुन्हा पेन्सिलच्या रेघेत टांगून ठेवत म्हणाले, "माझ्याकडे हिला अशी भिंत कुठे आहे, पोरी?"

ते गेल्यावर मी फळीसमोर बसले. वरची कोरी जागा आहे तशीच ठेवली आहे. फळीवर एक्केचाळीस हत्यारं आहेत. एकावरही गंज नाही.