माने बाईंचा चिखलातला वर्ग

माने बाईंवर मी लिहावं का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं आहेत, त्यांच्या घरची, त्यांच्याबरोबर शिकवलेली. मी फक्त त्यांचा तिसरी-चौथीतला विद्यार्थी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पुरवणीला काही लिहून पाठवणाराही पहिलाच. तेव्हा काही कमी-जास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण बाई गेल्या आणि त्यांच्याबद्दल कुठे काही छापून आलं नाही. येणार तरी कसं... वाणगावच्या बाजूला खाडीकाठच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत काही वर्षं शिकवून त्या बदली होऊन निघून गेल्या होत्या.

बाई सोलापूरकडच्या. त्यांच्या गावची नदी वर्षातले थोडेच महिने वाहायची, असं त्या सांगत. त्यामुळे आमच्या शाळेमागची खाडी आम्हाला जितकी रोजची, तितकीच त्यांना नवलाची. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिडकीतून बोट दाखवून विचारलं होतं, त्या तिवरांच्या झाडीपलीकडे काय आहे? आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, काय नाय बाई, चिखल. मग चिखलात काय आहे? काय नाय. बाई म्हणाल्या, एवढ्या मोठ्या जागेत काहीच नाही म्हणजे कमाल आहे, बघूनच येऊ.

शनिवारी सकाळची शाळा असायची. दहाच्या सुमारास बाई आम्हाला बांधावर घेऊन गेल्या. प्रत्येकाच्या हातात त्यांनी सुतळीचा एक तुकडा दिला आणि चिखलावर त्याचा गोल करून ठेवायला सांगितलं. त्या गोलात जे येईल ते बघायचं, बोलायचं नाही आणि हात लावायचा नाही, इतकाच नियम. आधी आम्ही एकमेकांना कोपरं मारत हसत होतो. मग हळूहळू चिखलच हलायला लागला. बारीक भोकांतून छोटे खेकडे वर आले, एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगाएवढी मोठी. ती मोठी नांगी ते खालीवर हलवत होते, लांबच्या कुणाला बोलावल्यासारखी. माझ्या शेजारच्या रोशनच्या गोलात एक निवटी, चिखलात राहणारा छोटा मासा, परांवर रांगत आली आणि त्याच्याकडे डोळे वटारून बसून राहिली. रोशनचं नंतर किती तरी दिवस म्हणणं होतं की ती थेट त्याच्या आजोबांसारखी बघत होती. खेकडे कुणाला बोलवतात, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही. शाळेतल्या बाई असं म्हणू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी त्याच वेळेला आम्ही पुन्हा निघालो. बांधावर येऊन बघतो तर सगळीकडे पाणी. चिखल नाही, खेकडे नाहीत, तिवरांचे नुसते शेंडे वर. बाई सुतळीचं बंडल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. रोशन मागून म्हणाला, बाई, आज चिखल गैरहजर. सगळे हसले, बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, भरती असणार हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? हळूहळू जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. मग सांगितलं का नाही? रंजना नावाची एक मुलगी होती, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. तीच म्हणाली, "बाई, ते घरचं हाय. ते शाळंत नाय विचारत."

बाईंना हे लागलं. पाण्याच्या चुकीपेक्षा हे जास्त लागलं, असं आज वाटतं. त्या तिथेच बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, आज घरचंच सांगा. त्या सकाळी आम्ही जे बोललो तितकं कुठल्याही तासाला बोललो नव्हतो. पंचमी-षष्ठीच्या आसपास दहाला पाणी ओसरलेलं असतं आणि पुढच्या आठवड्याला त्याच वेळेला भरलेलं, हे त्यांना आमच्याकडून समजलं. खाडीचा वर्ग तेव्हापासून एक शनिवार सोडून भरू लागला, भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघून.

हा वर्ग बंद पडायची वेळ आली ती माझ्या आईमुळे. माझे बाबा बोईसरला कंपनीत कंत्राटावर जायचे. आई सकाळी दुसऱ्यांच्या वाडीत चिकू काढायची आणि ओहोटी साधून खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे मोठे खेकडे, पकडायची. कालवांच्या शिंपल्यांनी कापून तिच्या पायाला कायम फडकं बांधलेलं असे. मी चिखलाने भरलेले पाय घेऊन शाळेतून आलो, ते तिने पाहिलं. पालकसभेत एरवी ती मागे बसून यायची, त्या दिवशी मात्र उभी राहिली. म्हणाली, "याला चिखलातून वर काडायला शाळंत घातला. तुमी परत चिखलात नेता? त्यासाठी शाळा कशाला, मीच नेतंय की." दुसऱ्या आयाही बोलू लागल्या. कुणाचं पोर घसरलं तर जबाबदार कोण, असं हेडमास्तरांनी विचारलं. बाईंनी वाद घातला नाही. तुमचं म्हणणं खोटं नाही, म्हणाल्या. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी मुलांना नेणार नाही. फक्त एक शनिवार तुम्ही स्वतः मुलांबरोबर येऊन बघा, मग सांगा.

पुढचे दोन-तीन वर्ग झाले नाहीत. बाई वर्गात शिकवायच्या, पण मधेच खिडकीकडे बघायच्या, आणि आम्हीही. घरी मी आईशी धड बोलत नव्हतो. अखेर एका शनिवारी आई वाडीतलं काम सोडून आली, बहुतेक नाही म्हणायलाच आली होती. बाईंनी तिलाही सुतळी दिली. आईने पदर खोचून चिखलावर गोल केला आणि उकिडवी बसली. थोड्या वेळाने तिच्या गोलात एक चांगली मोठी चिंबोरी सरकत आली. आईचा हात आपोआप पुढे गेला. रंजना कुजबुजली, "काकी, हात नाय लावायचा." आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग ती बघत राहिली... चिंबोरी चिखल उचलून तोंडाशी नेत होती, डोळे काडीसारखे वर काढून चहूकडे बघत होती, मधेच आईकडेही. पाणी चढायला लागलं, बाईंनी उठायला सांगितलं, तरी आई उठेना. परत येताना ती बाईंना म्हणाली, "लग्नाआदीपासून धरतंय बाई. पन बघितली नव्हती." पुढच्या सभेत आईने हात वर केला, आणि तिच्यामागे बाकीच्यांनी.

मी चौथी पास झालो त्या वर्षी बाईंची बदली झाली. नव्या गुरुजींना खाडीची भीती वाटायची, त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. वर्ग आता बंद पडणार, असंच सगळे धरून चालले होते. आईने गुरुजींना निरोप पाठवला की मुलांना मी नेईन, तुम्ही बांधावर सावलीत बसा. तेव्हापासून तीच नेते. बाईंचा अधूनमधून फोन यायचा. ख्यालीखुशाली एका वाक्यात संपायची, मग विचारायच्या, आज चिखलात काय दिसलं? आई इतकं सांगायची की ऐकून मी दमून जायचो. मी पालघरला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा बाई मला म्हणाल्या, आता तरी कळेल का रे ते खेकडे कुणाला बोलवतात? मी म्हटलं, पुस्तकात आहे. त्या म्हणाल्या, पुस्तकात काय आहे ते नंतर सांग, आधी तू काय पाहिलंस ते सांग.

गेले काही महिने त्यांचा फोन आला नव्हता. आम्ही लावला तर नुसता वाजत राहायचा. नंबर बदलला असेल, आई म्हणायची, नवा देतील.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. आई मुलांना घेऊन खाडीवर गेली होती. चिखलात पडेल म्हणून फोन ती घरीच ठेवते. तो वाजला, मी उचलला. पलीकडे बाईंची मुलगी होती. ती म्हणाली, आईच्या फोनमधले नंबर आता एकेक करून लावतेय, उशीर झाला, माफ करा. मग जे सांगायचं ते तिने सांगितलं.

मी बांधावर गेलो. पोरं चिखलावर वाकून बसली होती, अगदी गप्प. आईने मला येताना पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारची कोरडी जागा दाखवली. मी बसलो. पाणी अजून लांब होतं. एका मुलीने मान वर न करता बोटाने काहीतरी दाखवलं, आई तिकडे सरकली, बघून हसली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, आज बाईंना सांगायला बरंच हाय.

भरती लागली, पोरं उठली, पाय धुवायला नळाकडे पळाली. तेव्हा मी आईला सांगितलं की बाई गेल्या, महिना होऊन गेला.