गोवराच्या मागावर चौघं

चार माणसं एका जीपमध्ये तीन वर्षं बसली की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे तर इतके साठलेत की परवा हसमुखभाईंच्या मुलीच्या लग्नात आम्ही चौघं एका ओळीत जेवायला बसलो, पंगत उठली, दुसरी बसायची वेळ झाली, तरी आमचं चालूच. शेवटी वाढपी आमची ताटं उचलून घेऊन गेला.

तर चौघं म्हणजे कोण? मॅडम, म्हणजे पुण्याहून आलेल्या डॉक्टर. हसमुखभाई, आमचे डहाणूचे ड्रायव्हर, गुजरातीत विचार करून मराठीत बोलणारे. मंजुळाताई, तलासरीकडच्या एका पाड्याच्या आशा कार्यकर्त्या. आणि मी, शैला, रक्त काढणारी. हात हलका, तोंड फटकळ. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

काम असं होतं. मंजुळाताईंच्या पाड्यात ज्या मुलांची गोवराची लस राहून गेली होती, त्यांचं रक्त घ्यायचं, लस द्यायची, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलांचं पुन्हा रक्त घेऊन लसीने अंगात ताकद धरली का ते बघायचं. त्याच मुलांचं! हे मॅडम दिवसातून चार वेळा म्हणायच्या. दुसरं रक्त मिळालं नाही तर पहिलं फुकट, मॅडमची परवानग्यांपासूनची तीन वर्षं फुकट, आणि मी पुन्हा दवाखान्यात लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवायला!

* * *

पहिल्याच दिवशी सोमीआजी आडवी आली. पाड्यातली जुनी सुईण. तिथला निम्मा पाडा तिच्याच हातावर जन्मलेला, त्यामुळे तिने नाही म्हटलं की विषय संपला. मॅडमनी तिला अर्धा तास समजावलं. आजीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी तुमच्यातल्या कुणाचं तरी काढा, आम्ही बघतो.

मी बाही वर करणार, तेवढ्यात हसमुखभाई पुढे आले. सहा फूट उंची, मिशा, छाती ही एवढी. "मारूं काढो ने, बेन," म्हणाले आणि ऐटीत खाटेवर बसले. मी सुई काढली. नुसती काढली हो, टोचली नव्हती! हसमुखभाई बसल्या जागी आडवे झाले.

सगळा पाडा हसत सुटला. बायका पदर तोंडाला लावून, पोरं जमिनीवर लोळून. आजीने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, मग वळून दोन नातवंडांना पुढे ढकललं आणि म्हणाली, "ही पडायची नाहीत. घे."

त्या दिवशी दुपारपर्यंत यादीतली सगळी मुलं झाली, आधी रिकाम्या सुईने रक्त, मग भरलेल्या सुईने लस. हसमुखभाई आजही म्हणतात की तो त्यांचा प्लॅन होता.

* * *

आठवड्याने मुंबईच्या ऑफिसमधून फोन. तुमच्या यादीत चूक आहे, कॉम्प्युटर घेत नाही. काय चूक? म्हणे, एवढ्या सगळ्या मुलांची जन्मतारीख एक जून कशी असेल?

आता ह्यांना काय सांगायचं! शाळेत नाव घालताना दाखला नसेल तर गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. आमच्याकडे निम्मा तालुका एक जूनचा. मी फोनवर तसं म्हटलं, तर पलीकडचा मुलगा म्हणतो, मॅडम, प्लीज व्हेरिफाय करा. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मंजुळाताई मात्र शांत. त्यांनी सगळ्या मुलांना अंगणात उभं केलं आणि सोमीआजीला बोलावलं. आजी ओळीतून चालत गेली. हा भात कापताना झाला. ही त्याच्या मागून दोन आठवडी बाजार सोडून. हा मोठी आंधी आली त्या वर्षी, छप्पर उडालं होतं आणि ह्याची आय कण्हत होती. दोन पोरांचे दंड धरून तिने वयाप्रमाणे त्यांच्या जागा बदलल्या. मी भराभरा लिहीत होते.

नंतर मॅडमनी तलासरीच्या दवाखान्यातली जुनी रजिस्टरं धुंडाळली. पाच मुलांच्या खऱ्या नोंदी सापडल्या. आजीच्या ओळीत एकही पोर पुढे-मागे नव्हतं! मॅडमनी मुंबईला तारखा कळवल्या. माहितीचा आधार काय, असा कॉलम होता. मॅडमनी लिहिलं, "प्रत्यक्ष उपस्थित साक्षीदार."

* * *

मे महिन्यात डहाणूत वीज गेली. एक दिवस, दोन दिवस, पत्ताच नाही. आमच्या फ्रिजमध्ये पहिल्या फेरीचे सगळे नमुने, पाड्यातल्या एकेका पोराचं रक्त. मॅडम फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसलेल्या. बर्फवाल्याकडे गेलो, तर लग्नसराई, सगळा सरबतवाल्यांनी उचललेला.

हसमुखभाई जीप घेऊन गेले आणि तासाभराने आगरच्या किनाऱ्यावरून परत आले. मागे बर्फच बर्फ. बोटीवर चढवायचा बर्फ त्यांनी कुणाला तरी भाई, काका, मामा करून मागून आणला होता. सोबत तो ठेवायला मासळीचे खोके. मी पुसले, घासले, डेटॉल लावलं, पण मासळीचा वास असा जातो होय? तसेच भरले आणि नमुने मुंबईला रवाना केले.

दुपारी लॅबच्या मोठ्या साहेबांचा फोन. मॅडमनी स्पीकर लावला. आम्ही फोनभोवती उभे. साहेब म्हणाले की तापमान तपासलं, नमुने अगदी उत्तम आहेत. मग हळूच विचारलं,

"पण बोंबील कुठे आहेत?"

पुढच्या खेपेला आम्ही सुके बोंबील वेगळ्या पिशवीत पाठवले. तेव्हापासून आमचे रिपोर्ट कधी उशिरा आले नाहीत.

* * *

नंतर शेजारच्या पाड्यात गोवर उठला. मॅडमना कळायला हवं होतं की तो आधी कुणाला झाला आणि तिथून कुठे कुठे गेला. त्यासाठी मुंबईहून चाळीस प्रश्नांचा फॉर्म आला होता. पण ज्या घरात गोवर त्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा, आणि डहाळा असला की बाहेरच्याने आत जायचं नाही. आम्ही अंगणातूनच विचारायचो. उत्तर सगळीकडे एकच, काय माहीत बाय. तीन दिवस उन्हात फिरलो. माझी चिडचिड विचारू नका.

चौथ्या दिवशी बोरिंगवर दोन बायकांचं भांडण लागलं. एक म्हणत होती, तुझाच पोरगा हळदीत तापाने फणफणत आला आणि आमच्या ताटात जेवला. दुसरी म्हणाली, त्याच्या आधी तुझा दीर डहाळा लावलेल्या घरी जाऊन बसला होता ते सांग ना! मग आजूबाजूच्या बायका साक्षीला उतरल्या. कोण कुणाकडे गेलं, कुठल्या वारी, कुणाचं पोर कुणाच्या कडेवर होतं, सगळं बाहेर. डहाळ्याचा नियम कुणी मोडला हे पाड्यात कुणी विसरत नाही.

मॅडम बादली उलटी टाकून तिच्यावर बसलेल्या आणि नुसत्या लिहीत होत्या. वीस मिनिटांनी भांडण विझायला लागलं. बायका हंडे उचलायला लागल्या, तर आमच्या मॅडम मान वर करून शुद्ध पुणेरीत विचारतात, "आणि मंगळवारी तो कुठे होता?"

पुन्हा पेटलं!

त्यातून जो नकाशा तयार झाला त्याचं मुंबईच्या मीटिंगमध्ये फार कौतुक झालं. कुणीतरी विचारलं, माहिती कुठल्या पद्धतीने गोळा केलीत? मॅडम चेहरा सरळ ठेवून म्हणाल्या, "गटचर्चा."

* * *

आणि आता दुसरं रक्त.

वर्ष भरलं, आम्ही पाड्यात पोचलो, तर घरांना कड्या. भात निघाला आणि अख्खा पाडा पोराबाळांसकट वीटभट्टीवर गेलेला. मंजुळाताई लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी गेलेल्या, नाहीतर त्यांनी आधीच कळवलं असतं. मॅडम आजीच्या ओट्यावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, पण मी हसमुखभाईंवर ओरडून घेतलं.

मंजुळाताईंनी फोनवर फोन करून मुकादम गाठला. भट्टी वसईच्या पुढे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे जीपमधून उतरलो. झोपड्यांच्या ओळीत घराघराला कडुलिंबाचे डहाळे. गोवर! कुठल्या कुठल्या तालुक्यांची माणसं तिथे राहत होती. आणि त्या डहाळ्यांखालून आमच्याच यादीतली दोन पोरं पाण्याचा तांब्या घेऊन आत शिरताना दिसली. तिसरी पोर पेजेचं भांडं घेऊन बाहेर येत होती.

मॅडम धावल्याच. सोमीआजी चुलीपाशी बसली होती. मॅडमनी धापा टाकत विचारलं, आमची मुलं आजारी घरांत कशाला जातायत?

"मग दुसरं कोण जाईल?" आजी म्हणाली. "पंधरा दिवस हीच जातायत. यांच्यातल्या एकालाही काही झालं नाही."

मॅडमनी एकेका पोराला उजेडात उभं करून डोळे पाहिले, घसा पाहिला, अंग पाहिलं. मीही पाहिलं. लख्ख! मॅडम चष्मा काढून पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

मग आजीने नावं पुकारली. आपल्याच हातावर जन्मलेलं एकेक पोर ती माझ्यापुढे बसवत गेली. यादीतली सगळी, एकही कमी नाही. शेवटच्या बाटलीवर मी नाव चिकटवलं आणि यादीशी पुन्हा एकदा ताडून पाहिलं. हसमुखभाई लांब, जीपकडे तोंड करून उभे होते.

मी खोक्याचं झाकण लावलं. आजीने वरून हात ठेवला. मी मान वर केली तर तिच्या मागे बायकांची रांग, भट्टीच्या पार टोकापर्यंत. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या बोटाला. सगळ्या परगावच्या, एकही आमच्या यादीतली नाही.

आजीने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रिकाम्या सुया झाल्या ना तुझ्या? आता भरलेल्या काढ."