आईचा नंबर आलाच नाही

बाबांना क्षय झाला तेव्हा मी कॉलेजात इंटरला होते. मद्रासला, पेरंबूरच्या रेल्वे कारखान्यात ते फिटर. त्यांना गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवलं आणि काही महिन्यांनी पगार थांबला. नगरहून मामा आला. जाताना आईला म्हणाला, "आक्का, शिकून कुठली पोरगी राणी झालीय? ईस्टर झाला की येतो आणि हिला नेतो. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून चिकटवून देतो."

आई एवढंच म्हणाली, "देवबापाला विचारते."

विचारायचं ते मंडळीत बसून, ही आमच्या गावची रीत. घरसभेत एकजण प्रार्थना करतो, बाकीचे ऐकतात आणि शेवटी सगळे मिळून आमेन म्हणतात. मग पुढचा. मद्रासमध्ये आमच्यासारखं मराठी ख्रिस्ती घर मला तरी दुसरं दिसलं नाही. म्हणून आम्ही रेल्वे क्वार्टरांच्या आमच्या लाइनीतल्या तमिळ घरसभेला गेलो. आई डोक्यावर पदर घेऊन चटईवर कडेला बसली. पाळकांनी खूण केली आणि सगळे एकदमच मोठमोठ्यानं बोलायला लागले. कुणी रडत होतं, कुणी "स्तोत्रम्, स्तोत्रम्" म्हणत होतं. आई डोळे मिटून थांबली. गलबला शमला, आमेन झालं, कॉफी आली.

पुढच्या शुक्रवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही.

परत येताना आई म्हणाली, "परक्याला कोण विचारतंय? आपला नंबर येऊच देत नाहीत."

आई मानी, आणि मी तिच्या वरताण. आम्ही जाणं सोडलं.

मग आईला बाबांच्याच दवाखान्यात झाडलोटीचं काम मिळालं आणि ती तिकडेच राहू लागली. क्वार्टरमध्ये मी एकटी. कॉलेजातून आले की स्टोव्ह पेटवायचा, भात टाकायचा. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून इंग्रजीचे धडे मोठ्यानं वाचायचे. मराठी बोलायला कुणीच नव्हतं. प्रार्थना मीच करायची आणि आमेनही मीच म्हणायचं. ते एकटं आमेन फार वाईट. ईस्टर जवळ येत होता.

एका संध्याकाळी सभेतली एक वयस्कर बाई दारात उभी राहिली; तिला सगळे अक्का म्हणत. "का गं, येणं का सोडलंत?"

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये फाडकन सांगितलं, "तुम्ही माझ्या आईला नंबरच दिला नाहीत."

"कसला नंबर?"

मी आमची रीत सांगितली. ती आधी खो खो हसली. "अगं वेडे, देवाला काय एका वेळी एकाचंच ऐकू येतं?" मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझी आई इतके दिवस थांबून होती? आम्हाला वाटलं, मनातल्या मनात करतेय."

त्या शुक्रवारी मी एकटीच गेले. सगळे सुरू झाल्यावर मीही तोंड उघडलं. लाज वाटत होती, पण त्या गलबल्यात माझं ऐकणार कोण? "देवबापा, बाबांना घरी आण. माझं कॉलेज सोडवू नकोस. आईला विचारायचं होतं, तिच्या वतीनं मी विचारतेय." मराठीत, ओरडून, नाक पुसत. शेवटी आमेन झालं, ते सगळ्यांचं. माझ्या मागण्यावर इतकी माणसं आमेन म्हणाली, त्यातल्या एकालाही ते कळलं नव्हतं.

कॉफी देताना अक्का म्हणाली, "तुझ्या बोलण्यातलं कॉलेज तेवढं कळलं मला. काय अडलंय?"

मी सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात तिनं आपली नातवंडं माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला बसवली, मग शेजारपाजारची. माझी फी त्यातून निघाली. ईस्टरनंतर मामा आला तेव्हा आई मुद्दाम घरी आली होती. ओसरीभर बसलेली पोरं पाहून तो म्हणाला, "ही तर मास्तरीण झाली!" आई म्हणाली, "देवबापाला विचारलं होतं मी." मी पुढच्या पोराची वही तपासायला घेतली.

बाबा घरी आले, पण कारखान्यात परत जाण्याइतके बरे कधीच झाले नाहीत. माझा बी.ए.चा निकाल लागायच्या आधीच ते गेले. निकाल मी एकटीनं पाहिला.

मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पहिली.