सातने गुणायचं नाही
लिफ्टमधल्या तापलेल्या ग्रीसचा वास आला की माझ्या तोंडात आपोआप एक, चार, दोन, आठ, पाच, सात हे आकडे येतात. मी तिसरीत होते. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात बाबांबरोबर गेले होते, आणि ऐन मे महिन्यात लाइट जाऊन आमची लिफ्ट मधेच अडकली. मिट्ट काळोख, बाहेरून चौकीदाराचं “घबराइए मत जी,” आणि माझं रडणं. “काहून रडून राहिली? आपला फिरणारा आकडा म्हणू चल,” बाबा म्हणाले. हा आमचा घरचा खेळ होता. १४२८५७ ला दोनपासून सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा आकडे त्याच क्रमाने गोल फिरून येतात. “दोनने?” मी विचारलं. “दोन, आठ, पाच, सात, एक, चार.” तीनचंही बरोबर आलं. “चारने?” “पाच, सात, एक, तीन...” बाबा अडखळले. त्या आकड्यात तीन नसतोच, आणि बाबा कधी चुकत नसत. मी अंधारात त्यांचा हात चाचपला. तो घामाने गार पडला होता. तोवर मी नुसती लिफ्टला घाबरले होते. मी रडणं गिळलं आणि पाचचं, सहाचं स्वतःच म्हटलं. सातने गुणलं की मात्र चक्र मोडतं, सगळे नऊ येतात आणि खेळ संपतो. तेही म्हणून झालं, तरी दार बंदच होतं. पुढे ते उघडलं, बाबा हसलेसुद्धा. पण आजही लिफ्टमध्ये मी सहापर्यंतच जाते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.