पावियाच्या बर्फाचा पत्ता

पाविया माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्या नुगार्सुकमध्ये माणसं साठ-पासष्ट, कुत्री त्याच्या तिप्पट, आणि बर्फ मोजायचं काम असलेला माणूस एकच, तो हा. आजारपणाचे दोन सोडले तर तेवीस हिवाळे दर शनिवारी तो गोठलेल्या समुद्रावर गेला, गिरमिटाने भोक पाडलं, टेप आत सोडली, जाडी बघितली आणि घरी आला. याखेरीज आपल्या आयुष्यात काही घडलं नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, म्हणून लिहिते.

बाप नारव्हेल देवमाशाच्या शिकारीला गेला तो परत आला नाही, तेव्हा पाविया पाच वर्षांचा होता. आजीने वाढवला. शाळेत चार वर्षं बसला, पण तोंड खिडकीकडे करून. बोलणं कमी. हो म्हणायचं तर भुवया उचलायच्या आणि नाही म्हणायचं तर नाक मुरडायचं, हे आम्ही सगळेच करतो. पाविया त्याच्या पुढे क्वचितच जायचा. सबीनेला मागणी घालायला आला तेव्हा अर्धा तास नुसता बसून राहिला. दोन कप कॉफी प्यायला. शेवटी आमच्या आईनेच विचारलं, "सबीनेसाठी आलास का रे?" त्याने भुवया उचलल्या. लग्न ठरलं.

पुढे कोपनहेगनच्या एका संशोधन संस्थेने आमच्या धक्क्याजवळ केंद्र बांधलं. आम्ही त्याला लाल घर म्हणतो. तिथे स्वयंपाक मी करते. येणारी माणसं दर उन्हाळ्याला नवी. कोणी बर्फाचं बघायचे, कोणी पक्ष्यांचं. एक जण तीन आठवडे फक्त खडकावरचं शेवाळ बघत होता. माणूस सज्जन, पण त्याला मासा चालत नव्हता, आणि आमच्याकडे दुसरं काय असणार! थंडी पडली की सगळे विमानाने घरी, आणि बर्फ तर थंडीतच असतो. म्हणून त्यांना इथला माणूस हवा होता. त्यांनी पावियाला निवडलं, कारण तो त्यांचं सगळं ऐकून घेतो असं त्यांना वाटलं.

पहिल्या हिवाळ्यात एक उंच साहेब त्याला कावळ्याच्या नाकापलीकडे घेऊन गेला. कावळ्याचं नाक म्हणजे खाडीच्या तोंडाशी आलेला सुळका. तिथे बर्फावर खांब रोवून साहेब म्हणाला, "इथे." पावियाने भुवया उचलल्या. साहेब गेला.

आता, त्या जागी खालून पाण्याची ओढ जोरात असते. बर्फ पातळ. आमच्यातला शहाणा माणूस तिकडे फिरकत नाही, वेडाही नाही. उन्हाळ्यात बर्फ फुटून वाहून जातो, त्याच्याबरोबर खांबही. पुढच्या हिवाळ्यात किनाऱ्यावर खुणेसाठी रचलेले दोन दगडी ढीग एका रेषेत धरून पुन्हा त्याच जागी खांब रोवायचा, असं कागदात लिहिलं होतं. पावियाने कागद वाचला नाही. त्याने पहिल्याच हिवाळ्यापासून खांब रोवला तो त्या साली कुत्र्यांच्या स्लेजची वाट जिथून पडली होती तिथे. वाट दरवर्षी बदलते, हिमनग कुठे अडकला आहे त्यावर. मग खांबही दरवर्षी हलला.

दर शनिवारी तो वाटेवरून परस्पर गावच्या दुकानात यायचा आणि सेंटिमीटरचा आकडा सांगायचा. ऐंशी. पंच्याण्णव. त्या आकड्यावर लोक हलिबट मासा धरायला लांब जायचे की जवळ, ते ठरवायचे. घरी आल्यावर सबीने तोच आकडा वहीत लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं, आणि डॅनिशही तिला यायचं. हिवाळ्याची एक वही. वह्या लाल घरात फळीवर ओळीने.

सहा वर्षांपूर्वी सबीने गेली. तेव्हापासून पाविया स्वतः लिहितो. त्याचे आकडे मासे धरायच्या गळासारखे वाकडे असतात.

गेल्या वर्षी रिक्के आली. हिवाळाभर राहणारी ही पहिलीच. बर्फाचीच अभ्यासक, वय तीस-बत्तीस, आमची भाषा शिकलेली, मासा खाणारी. तिने पावियाला एक लहान यंत्र दिलं, खिशात ठेवायचं, कुठे उभे आहात ते सांगणारं. शनिवारी तो परत आला आणि तिने ते यंत्र बघितलं. मी बटाटे सोलत होते.

"पाविया, आज कुठे मोजलंत?"

"वाटेवर."

"पण जागा तर कावळ्याच्या नाकापलीकडची आहे. तुम्ही चार किलोमीटर अलीकडे होतात."

"तिकडून कोणी जात नाही."

"मोजायचं तिथेच होतं ना!"

"जिथून कोणी जात नाही तिथला बर्फ कशाला मोजायचा?"

रिक्केने माझ्याकडे बघितलं. मी बटाट्याकडे बघितलं. मला पावियाचं बरोबर वाटत होतं, अजूनही अर्धं वाटतं.

"म्हणजे तेवीस वर्षं?"

भुवया वर.

"दरवर्षी त्या-त्या वर्षीच्या वाटेवर?"

भुवया आणखी वर, जरा अभिमानाने.

रिक्केने कोपनहेगनला कळवलं, कळवणं तिला भागच होतं. उत्तर आलं ते तिने आम्हाला वाचून दाखवलं. बर्फ कुठला ते माहीत नसेल तर आकडे निरुपयोगी. तेवीसही हिवाळे रद्द समजावेत. वह्या जपून ठेवायची गरज नाही.

पाविया उठला आणि बाहेर जाऊन कुत्र्यांपाशी उभा राहिला. मी मागून गेले.

"दाजी, आत चला. नाक गोठेल."

"अक्का, तिचं अक्षर आहे त्यात," तो म्हणाला. त्या आठवड्यात त्याच्या तोंडून निघालेलं हे सर्वात लांब वाक्य.

आत येऊन मी रिक्केला ते सांगितलं. तिने खूप वेळ पेन चावलं. मग म्हणाली, "दर वर्षी वाट कुठून होती ते नकाशावर दाखवता आलं, आणि प्रत्येक जागेला दोन साक्षीदार असले, तर मी भांडेन. दोन हवेत, दोर्थेआजी. एकाच्या सांगण्यावर ते ऐकायचे नाहीत."

साक्षीदार गोळा करायला आमच्याकडे वेगळं काही करावं लागत नाही. कॉफी आहे म्हणून सांगायचं. वाढदिवस नसला तरी माणसं येतात. रविवारी दुपारी लाल घर भरलं. मी तीन केक केले, वाळवलेला हलिबट मांडला, आणि टेबलावर केकच्या जागी रिक्केने नकाशा पसरला. सगळ्यात पुढे गाबा. वय एकोणऐंशी, आयुष्यभर हलिबट धरला, आवाज अजून हलिबटला समुद्राच्या तळातून वर बोलावेल असा.

"ज्या साली पाद्री पाण्यात पडला, त्या साली वाट म्हातारीच्या चुलीवरून होती," गाबा म्हणाला. म्हातारीची चूल म्हणजे किनाऱ्यावरचा एक खडक.

"पाद्री दोनदा पडला," त्याची बायको म्हणाली.

"पहिल्यांदा पडला ते साल! माझी कुत्री तिथेच भांडली होती."

"तुझी कुत्री कुठे भांडली नाहीत?" मी म्हटलं. "मालकावर गेलीत."

"दोर्थे, तू केक वाढ."

असं चाललं. पाविया कोपऱ्यात बसून प्रत्येक जागेला भुवया उचलत होता नाहीतर नाक मुरडत होता, आणि रिक्के खुणा करत होती. कोणाची पोरगी कुठल्या साली झाली, कोणाची स्लेज कुठे मोडली, हिमनग कुठे बसला होता. दोन रविवारांत एकवीस हिवाळे जागेवर आले.

राहिले दोन. बारा वर्षांपूर्वी पावियाच्या फुप्फुसाला आजार झाला आणि तो दोन हिवाळे नूकच्या दवाखान्यात पडून होता. त्या दोन्ही साली मोजायला सबीने गेली, एकटी.

"त्यात काय विचारायचं?" गाबा म्हणाला. "ती वाटेवरच मोजायची. रडक्या दरडीखाली. मी या डोळ्यांनी बघितलंय. दुकानात आकडाही सांगायची."

"मीही बघितलंय," त्याची बायको म्हणाली.

झाले दोन साक्षीदार. रिक्केने पेन उचललं, वही उघडली आणि थांबली.

"पण हे आकडे अर्धे आहेत. बाकी साली ऐंशी, नव्वद. आणि या दोन साली चाळीस, पंचेचाळीस. कोपनहेगनवाल्यांनी तेव्हाच शेजारी 'चूक' असं लिहून ठेवलंय. रडक्या दरडीखाली चाळीस असणं शक्य नाही. या दोन वह्या मला वाचवता येणार नाहीत."

"टेप उलटी धरली असेल," गाबा म्हणाला. एक-दोघं हसले.

पावियाने नाक मुरडलं. मग ते पुरेसं वाटलं नाही म्हणून तोंडाने म्हणाला, "सबीने टेप उलटी धरणारी नव्हती."

मी कॉफी ओतत होते. मला ठाऊक होतं. सबीनेने मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी बारा वर्षं राहिले होते. आमच्या घरात इतकी वर्षं कोणी गप्प राहिल्याचं ऐकिवात नाही. आणखी थोडं गप्प राहणं काही अवघड नव्हतं. पण मग ती टेप उलटी धरणारी बाई म्हणून राहिली असती.

मी किटली खाली ठेवली.

"ती दोन्हीकडे मोजायची," मी म्हटलं. "वाटेवर मोजून दुकानात सांगायची. मग कावळ्याच्या नाकापलीकडे जायची, दगडी ढीग रेषेत धरून मोजायची, आणि तो आकडा वहीत लिहायची. स्वतः जायची वेळ आली तेव्हा तिने कागद पहिल्यांदा सगळा वाचला. त्यात तसंच लिहिलं होतं."

गाबाने केकची बशी खाली ठेवली.

"कुत्री घेऊन?" पावियाने विचारलं.

"नाही. कुत्री किनाऱ्यावर बांधायची. पुढे पायी, पहार आपटत."

"एकटी?"

"एकटी. ओले बूट माझ्या घरी वाळवायची. तुमच्या दारात वाळत दिसले असते तर कोणीतरी तुम्हाला सांगितलं असतं."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तिने सांगू नको म्हटलं. तुम्ही दवाखान्यातून नुसती हाडं घेऊन आला होतात. आणि ती म्हणायची, लोकांना वाटेचाच आकडा हवा, त्याला त्याचंच मोजू दे."

"मी चुकीच्या जागी मोजतोय हे तिला माहीत होतं?"

मी भुवया उचलल्या.

तो उठला, टोपी घातली आणि गेला. गाबाने त्या दिवशी दुसरा केक मागितला नाही.

रिक्के मात्र वहीवर वाकली होती. "तेवीस वर्षांत सांगितल्याप्रमाणे मोजलेले हे दोनच हिवाळे आहेत," ती म्हणाली. "आणि दुसरा साक्षीदार हे आकडेच. त्या पाण्यावर बर्फ एवढाच असतो." ती तीन आठवडे भांडली. शेवटी पत्र आलं: एकवीस हिवाळे नव्या जागांसकट ठेवले, दोन आहेत तसे ठेवले, 'चूक' हा शब्द काढला, आणि त्या दोन्हीवर मोजणाऱ्याचं नाव बदलून सबीनेचं घातलं. वह्या फळीवर राहिल्या.

पाविया या सगळ्या दिवसांत माझ्याकडे कॉफीला आला नाही. पत्राचं रिक्केने जाऊन सांगितलं तेव्हा त्याने भुवया उचलल्या म्हणे, बस.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. खांद्यावर लांब दोर.

"अक्का, चला."

"कुठे?"

त्याने हनुवटीने कावळ्याच्या नाकाकडे दाखवलं.

"दाजी, मी शहात्तर वर्षांची आहे."

"तुम्ही किनाऱ्याजवळ नुसत्या दोर धरून उभ्या राहा."

"तुम्ही आत गेलात तर मी ओढून काढणार आहे का?"

"नाही. पण गाबाला हाक मारता येईल. तुमचा आवाज पोचतो."

आम्ही गेलो. आधी वाटेवर मोजलं, चौऱ्याऐंशी. मग त्याने कुत्री बांधली आणि पहार आपटत पुढे निघाला. तीन पावलं टाकायचा, थांबायचा, आपटायचा. दोर माझ्या हातून सरकत होता आणि मी मनात त्याला, सबीनेला आणि कोपनहेगनला आळीपाळीने शिव्या घालत होते. दगडी ढीग एका रेषेत आले तिथे तो थांबला. गिरमीट फिरवायला फार वेळ लागला नाही.

"अडतीस!" तो ओरडला. मी हातमोजा काढून लिहून घेतलं.

परत येऊन तो किनाऱ्यावर बसला, त्या पातळ बर्फाकडे बघत. "दोन हिवाळे," तो म्हणाला. "मूर्ख बाई." मग कुत्री सोडली.

आता दर शनिवारी लाल घरातून कोपनहेगनला दोन आकडे जातात. दुकानात मात्र तो एकच सांगतो.