सासऱ्यांच्या गळ्यातली डबी

विभूतीचा वास आला की मला अंबाजोगाईच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. सासरे लिंगायत, सिरसाळ्यात त्यांचं किराणा दुकान. माझं माहेर दुसऱ्या जातीचं. त्यांच्या ऑपरेशनआधी नर्स म्हणाली, “अंगावरचं सगळं काढा.” तशी सासऱ्यांनी गळ्यातली चांदीची डबी मुठीत घट्ट धरली. मी समजावत म्हणाले, “मामा, सुपारीच तर आहे, द्या माझ्याकडे.” टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात अशाच डबीतून सुपारी निघाली होती आणि मी पोट धरून हसले होते. सासऱ्यांनी डबी उघडली, तसा विभूतीचा वास आला. आत काळंभोर इष्टलिंग होतं. “रोज हातावर घिऊन पुजतो मी ह्येला,” ते म्हणाले. शरमून मी टीव्हीचं सांगून टाकलं, “मेले खोटंच दाखवतात!” तर ते म्हणाले, “खोटं न्हाई, पोरी. आमचा एक चुलता खरंच सुपारी ठेवायचा. टीव्हीवर ते बघून मीबी लई हसलो.” आणि डबी माझ्या ओंजळीत ठेवून ते आत गेले. ते बरे झाले, पुढे बरीच वर्षं जगले, पण हा विषय मी पुन्हा कधी काढला नाही. आजही तसं काही टीव्हीवर लागलं की आधी हसू येतं, मग यातलं खरं किती ते कळेनासं होतं, आणि विचारावं असं घरात आता कोणी उरलेलं नाही.